ओसरीवरून : आठ हातांचा घांस

चिपळूणच्या एका वाचकभगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत हातीं आलें. घर एकत्र, माणसें अकरा, मुलांना 'पॉमेरेनियन' जातीचें लहानसें पांढरें कुत्रें हवें आहे, सोवळ्याओवळ्यामुळें सासूबाईंची नापसंती आहे, आणि यजमानांचें म्हणणें असें कीं, "एवढेंसें तें जनावर, त्याचा व्याप तो काय? अकरा ताटांतला एकेक घांस टाकला तरी त्याचें पोट भरेल." अशा स्थितींत काय करावें, असें बाईंनीं विचारिलें आहे.

यजमानांचें तें वाक्य वाचलें आणि मीं चष्मा काढून ठेवला. दहा वर्षांपूर्वीं याच ओसरीवर बसून जवळजवळ त्याच शब्दांत मीं आमच्या मंडळींची समजूत घातली होती. त्या शहाणपणाची किंमत पुढें आमच्या मोतीला मोजावी लागली, मला नव्हे. म्हणून सासूबाईंचा प्रश्न मागाहून घेतों; आधीं यजमानांशीं बोलावयाचें आहे.

आमचें घर सांगलीस, गांवभागांतील एका जुन्या वाड्यांत. माणसें नऊ : थोरल्या वहिनी, मी व आमचें कुटुंब, चिरंजीव व सूनबाई, पुतण्या व त्याची पत्नी, आणि एक नात व एक नातू. बंधु गेल्यापासून घरचें वडीलपण वहिनींकडे. २०१५ सालीं नातीच्या सहाव्या वाढदिवसास पुतण्यानें बुटांच्या खोक्यांत घालून एक पिलूं आणिलें. कापसाचा बोळा आणि त्यावर काळ्या मण्यांसारखे तीन ठिपके, इतकेंच त्याचें वर्णन करतां येईल. विकणाऱ्यानें तीन गोष्टी सांगितल्या होत्या : हें अस्सल 'टॉय पॉमेरेनियन' आहे, दोन किलोंपलीकडे वाढणार नाहीं, आणि दूधपोळी घातली म्हणजे झालें. तिन्ही खोट्या निघाल्या. शिवाय दोन महिन्यांचें म्हणून दिलेलें पिलूं पांच आठवड्यांचेंच असावें, असें डॉक्टरांनीं त्याचे दुधाचे दांत पाहून सांगितलें.

पांच आठवडे आणि आठ आठवडे यांत काय मोठेंसें, असें कोणी म्हणेल. परंतु त्याच काळांत पिलूं आईच्या आणि भावंडांच्या अंगावर खेळतां खेळतां दांत किती जोरानें लावावा हें शिकत असतें. तो धडा मोतीला आमच्या हातापायांवर आणि वहिनींच्या लुगड्यावर गिरवावा लागला. २०१७ सालीं केंद्र सरकारनें श्वानांच्या पैदाशीसंबंधीं व विक्रीसंबंधीं जे नियम केले, त्यांत आठ आठवड्यांखालील पिलूं विकण्यास मनाई आहे. भगिनीनें एवढी गोष्ट तरी खोक्यांत डोकावण्यापूर्वीं विचारून घ्यावी. एकदां डोकावल्यावर विचारण्याचें भान कोणास राहत नाहीं.

जातीविषयींहि दोन शब्द सांगणें भाग आहे, कारण नांवांतच घोटाळा आहे. पॉमेरेनिया हा बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील मुलूख. आज त्याचा कांहीं भाग जर्मनींत व पुष्कळसा पोलंडांत मोडतो. तिकडील उभ्या कानांचें आणि झुबकेदार शेपटीचें कुत्रें पूर्वीं चांगलें मोठें असे. १८८८ सालीं राणी व्हिक्टोरिया इटलींत फ्लॉरेन्सला गेली असतां तिनें मार्को नांवाचें एक लहानसें कुत्रें घेतलें, आणि राणीनें केलें तें इतरांनींहि करावें या न्यायानें लहानांतलें लहान पैदा करण्याची चढाओढ इंग्लंडांत लागली. आज प्रदर्शनांत मांडतात तें पॉमेरेनियन दोन-तीन किलोंचें असतें. आपल्याकडे घरोघर ज्याला त्या नांवानें हांक मारतात तें मात्र बहुधा 'इंडियन स्पिट्झ' असतें : त्याच गोत्रांतलें, परंतु अंगानें मोठें आणि आपल्या उन्हाळ्याला रुळलेलें. १९९४ सालच्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटांतला टफी ज्यांना आठवत असेल त्यांनीं तोच डोळ्यांपुढें आणावा. आमचा मोती वर्षभरांत सात किलोंचा झाला तेव्हां पुतण्या फसवणूक झाली म्हणून चडफडूं लागला. डॉक्टर म्हणाले, "उलट नशीबवान आहांत. हीं काटक असतात. नीट ठेवलेंत तर बारा-पंधरा वर्षें सोबत करील." त्या 'नीट' शब्दाकडे आम्हीं कोणीच लक्ष दिलें नाहीं.

नांव ठेवण्याच्या वेळीं मीं 'सारमेय' असें सुचविलें होतें. महाभारतांत आदिपर्वाच्या आरंभींच्या भागांत ही कथा येते : जनमेजयाचें सत्र चाललें असतां देवशुनी सरमा हिचा मुलगा तेथें आला, आणि राजाच्या भावांनीं त्याला मारून हांकलून दिलें. तो रडत आईकडे गेला व आपण हविष्याला तोंड लावलें नाहीं, त्याकडे पाहिलें देखील नाहीं, असें त्यानें सांगितलें. सरमा राजाकडे जाब विचारण्यास आली. कोणीच उत्तर देईना तेव्हां शाप देऊन गेली. ही कथा मीं मोठ्या रसानें सांगितली. नात म्हणाली, "आजोबा, सारमेय हें खोकल्याच्या औषधाचें नांव वाटतें." तेव्हां मोती ठरलें. कथा मात्र वाचकांनीं लक्षांत असूं द्यावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

वहिनींनीं पहिल्याच दिवशीं आपला निर्णय सांगून टाकला : स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या उंबऱ्याच्या आंत त्याचें पाऊल पडतां कामा नये, आणि मी त्याला शिवणार नाहीं. मीं पंडिती सुरू केली. वैश्वदेवाच्या बळींत श्वानांचा वांटा काढून ठेवीत, धर्मराजानें स्वर्गाच्या दारांत कुत्र्याची साथ सोडली नाहीं, आणि आपण दर पौर्णिमेस नरसोबाच्या वाडीला जातां त्या दत्तगुरूंच्या तसबिरींत पायाशीं चार कुत्रे बसलेले असतात. वहिनी शांतपणें म्हणाल्या, "भाऊजी, ते चार वेद आहेत असें तुम्हींच मला सांगितलें होतें. हा वेद नाहीं. हा माझें सोवळें फाडतो." पंडिती तेथेंच आटोपली. तेव्हांपासून घरांत मोतीला खाऊं घालणारे हात आठ, आणि न घालणारा एक.

आतां हे आठ हात कसे चालत तें ऐकावें. मोतीचें जेवण म्हणून सूनबाई सकाळसंध्याकाळ एक ताटली भरून ठेवीत असे. तें त्याचें अधिकृत जेवण. याखेरीज मी सकाळीं चहा घेतांना मला दोन बिस्किटें आणि त्याला दोन. एकत्र घरांत कोणी दुसऱ्याचा हात पाहत नाहीं. जो तो आपल्यापुरता घांस देतो, आणि आपला घांस तो केवढासा, असें समजतो. प्रेम करणारे आठ होते. आज त्यानें काय खाल्लें, हें जाणणारा एकहि नव्हता. शाळेंत असतांना मीं अनेकदां पाहिलें होतें कीं ज्या वर्गाला चार मास्तर असतात त्याची वही कोणीच तपासत नाहीं. तरी तें माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

२०१८ च्या श्रावणांत घरीं सत्यनारायण झाला. सांगली-तासगांवचा मुलूख द्राक्षांचा. बेदाण्यांचा खोका घरांत नाहीं असें सहसा होत नाहीं, आणि प्रसादाच्या शिऱ्यांत हात सढळ पडतो. एक वाजतां प्रसाद वांटला गेला. चारच्या सुमारास मोती ओकला, आणि तुळशीवृंदावनामागें जाऊन पडून राहिला. मीं म्हटलें, तूप जास्त झालें असेल, लंघन घडलें कीं बरा होईल. सूनबाईनें ओकारींत फुगलेले बेदाणे पाहिले आणि तिच्या मनांत काय आलें कोण जाणे, डॉक्टरांना दूरध्वनि केला. पलीकडून एकच वाक्य आलें : "असाल तसे निघा."

रिक्षांतून आम्ही चौघें गेलों. डॉक्टरांनीं मोतीला काट्यावर ठेवलें : साडेदहा किलो. मग विचारलें, "बेदाणे किती खाल्ले?" आम्ही एकमेकांकडे पाहूं लागलों. चिरंजीव म्हणाला, मीं चमचाभरच शिरा दिला. पुतण्या म्हणाला, मींहि तेवढाच. घरीं विचारलें तों आमच्या कुटुंबाकडूनहि तेंच उत्तर. मींहि दिला होता. प्रसाद आहे, नाहीं कसें म्हणावें, म्हणून. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे प्रत्येकानें थोडाच दिला, आणि त्यानें किती खाल्ला हें कोणालाच ठाऊक नाहीं." ते रागावून बोलले नव्हते. रागावले असते तर बरें झालें असतें.

द्राक्षें व बेदाणे यांनीं कुत्र्यांचीं मूत्रपिंडें दोन-तीन दिवसांत निकामी होऊं शकतात, ही गोष्ट पशुवैद्यकांच्या ध्यानांत आली तीसुद्धां अलीकडे, या शतकाच्या तोंडावर. किती खाल्ले म्हणजे अपाय होतो याचा नेम नाहीं. एखादें कुत्रें पुष्कळ खाऊन सुखरूप राहतें, तर दुसरें थोडक्यांत दगावतें. पुढें २०२१ सालीं अमेरिकेंतील कांहीं पशुवैद्यकांनीं असें मत मांडलें कीं दोष द्राक्षांतील टार्टारिक आम्लाचा असावा. तें आम्ल आपल्या चिंचेंतहि भरपूर असतें, आणि चिंच खाऊन कुत्र्यांचीं मूत्रपिंडें बिघडल्याचीं उदाहरणें त्यानंतर नोंदलीं गेलीं आहेत. म्हणजे आमटीभातहि निर्धोक राहिला नाहीं. माणसाला ज्यापासून कांहींच होत नाहीं अशा वस्तु कुत्र्याला बाधतात ही गोष्ट मनाला सहज पटत नाहीं, परंतु आपल्या स्वयंपाकघरांत अशा वस्तु पुष्कळ आहेत : कांदा आणि लसूण, मग ते शिजलेले असोत कीं कच्चे, चॉकलेट, चहा-कॉफी, आणि बिनसाखरेच्या गोळ्यांत घालतात तें झायलिटॉल. आंब्याची कोय विषारी म्हणून नव्हे, पण आंतड्यांत अडकते म्हणून वाईट. प्राणी जितका लहान तितकी बाधा लौकर. हा त्रैराशिकाचा हिशेब आहे.

मोतीला ओकारीचें औषध देऊन उरलेलें पोट रिकामें केलें, आणि शिरेंतून सलाईन लावलें. दोन रात्री तो दवाखान्यांत होता. दुसऱ्या रात्रीं नात माझ्या अंथरुणाशीं येऊन बसली. ती तेव्हां नऊ वर्षांची. म्हणाली, "आजोबा, मला बेदाणे आवडत नाहींत. मीं माझ्या वाटींतले सगळे वेंचून त्याला घातले." मीं तिला सांगितलें कीं तुला ठाऊक नव्हतें, आणि आम्हां मोठ्यांनाहि ठाऊक नव्हतें. तें खरेंच होतें, पण त्यानें तिचें समाधान झालें नाहीं, आणि माझेंहि झालें नाहीं. सरमेच्या मुलानें हविष्याकडे पाहिलें नव्हतें तरी त्यानें मार खाल्ला. आमच्या सारमेयाला आम्हींच हांक मारून, मांडीवर घेऊन, देवाचा प्रसाद भरविला होता. जाब विचारायला सरमा आली असती तर या नऊ माणसांच्या घरांत तिलाहि कोणी उत्तर दिलें नसतें.

तिसऱ्या दिवशीं रक्त तपासलें तेव्हां मूत्रपिंडें शाबूत असल्याचें कळलें. लौकर ओकला आणि लौकर आणलात, एवढेंच कारण, असें डॉक्टर म्हणाले. मग त्यांनीं वजनाच्या आंकड्यावर बोट ठेवलें. सात किलोंच्या जागीं साडेदहा, म्हणजे साठ किलोंचा माणूस नव्वद किलोंचा व्हावा तसें. अलीकडे तो मधूनच बदकासारखा आवाज काढून खोकत असे, तो दमा नव्हे. लहान जातीच्या कुत्र्यांची श्वासनलिका ज्या कूर्चेच्या कड्यांनीं उघडी राहते त्या कड्या मऊ पडतात, नळी चपटी होते, आणि तसा आवाज येतो. चरबीनें तें बळावतें. गळ्यांतल्या पट्ट्याला हिसका बसला म्हणजे अधिकच. गळपट्टा त्याच दिवशीं काढून टाकला आणि छातीवरून बांधण्याचा पट्टा आणला.

घरीं आल्यावर मीं एक रोजकीर्द घातली. अट एवढीच कीं आज कोणीहि मोतीला कांहीं दिलें तर, जसें आजवर देत आलां तसेंच द्या, पण मला सांगा. एका दिवसाची ती वही मीं अद्याप जपून ठेविली आहे. माझीं बिस्किटें, कुटुंबानें दुधांत कुस्करलेली पोळी, चिरंजीवाच्या भाकरीचा लोण्यासकट पापुद्रा, सूनबाईचे पनीरचे तुकडे, पुतण्याची चिक्की, त्याच्या पत्नीचा दहीभात, नातवाचें चीज, आणि नातीच्या डब्यांतली उरलेली पोळीभाजी. बेरीज सुमारें सातशें कॅलरी भरली. सात किलोंच्या घरबशा कुत्र्याला दिवसाकांठीं लागतात चारशें ते पांचशें. त्याची ताटली तर मीं यांत धरलीच नव्हती. आयुष्यभर मुलांना गणित शिकविलें, आणि हें गणित पायाशीं लोळत असतां तीन वर्षें दिसलें नाहीं.

डॉक्टरांचा उपाय सोपा होता : दिवसाचें अन्न एकदां मोजून घ्या, आणि तें एकाच माणसानें द्यावें. तो एक माणूस कोण, यावर ओसरीवर सभा भरली. प्रत्येकानें आपलें नांव पुढें केलें, आणि प्रत्येकावर इतर सातांचा अविश्वास. शेवटीं पुतण्याची पत्नी थट्टेनें म्हणाली, "ज्यांनीं आजवर त्याला एकदांहि कांहीं घातलें नाहीं, त्यांच्याच हातीं द्या." सगळ्यांच्या माना एकदम वहिनींकडे वळल्या. वहिनी वाती वळीत बसल्या होत्या. "मी त्याला शिवणार नाहीं," त्या म्हणाल्या. सूनबाई म्हणाली, "शिवायचें नाहीं, मोठ्या आई. पेला भरायचा, ताटलींत ओतायचा." वहिनींनीं हातांतली वात पुरी केली, आणि विचारलें, "पेला केवढा?"

अन्नाचा प्रश्न निघाला तेव्हां मला खरी धास्ती होती. दूधपोळीवर कुत्र्याची हाडें आणि स्नायु पोसले जात नाहींत. त्याला प्रथिनें हवींत. तथापि कुत्रें हें मांजरासारखें केवळ मांसावर जगणारें नव्हे. माणसाच्या सोबतींत राहून त्याला पिष्टान्न पचविण्याची शक्ति लांडग्यापेक्षां पुष्कळ अधिक आली आहे, असें स्वीडनमधील संशोधकांनीं २०१३ सालीं त्याच्या जनुकांवरून दाखविलें. घरींच शाकाहारी अन्न करून घालतां येतें, पण तें डॉक्टरांकडून तोलून घ्यावें लागतें, अंदाजानें भागत नाहीं. आमच्या डॉक्टरांनीं तयार दाणेदार अन्न सांगितलें, आणि त्याच्या डब्यावर काय काय लिहिलें होतें तें मीं वहिनींपुढें वाचण्याचें टाळीत होतों. वहिनींनीं भिंग मागवून तें स्वतःच वाचलें. म्हणाल्या, "त्याचा धर्म त्याला. डबा ओसरीवर राहील." एवढ्यावर तो विषय मिटला.

पहिला महिना कठीण गेला. मोतीपेक्षां आम्हांलाच अधिक. सकाळीं चहाच्या वेळीं तो समोर बसून अशा कांहीं दृष्टीनें पाही कीं ऋणको धनकोकडे तसा पाहत नसेल. डॉक्टरांनीं एक पळवाट दिली होती : ज्याला राहवत नसेल त्यानें वहिनींकडून पेल्यांतलेच दोन दाणे मागून घ्यावे. मी मागून घेत असें. वहिनी मोजून देत. आठ महिन्यांनीं वजन सव्वासातांवर आलें आणि खोकला जवळजवळ थांबला.

बाकीची निगा थोडक्यांत सांगतों. याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आंतला मऊ, बाहेरचा राठ. उन्हाळ्यांत कींव येऊन अनेकजण ते मुळापासून उतरवितात. तसें करूं नये. तो थर उन्हापासूनहि राखण करतो, आणि एकदां भादरल्यावर केस पुन्हां तसेच येतील याची खात्री नाहीं. दिवसाआड विंचरावें, म्हणजे गुंताहि होत नाहीं आणि पावसाळ्यांतले गोचीड हाताला लागतात. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाहीं, जीभ बाहेर काढून धापा टाकणें हाच त्याचा पंखा. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत फिरणें सकाळीं सातच्या आंत उरकावें, आणि डांबरावर आपला उलटा हात टेकवून पाहावा. आपल्या हाताला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्याला कसें सोसवेल? तोंड एवढेंसें, परंतु दांत मोठ्या कुत्र्याइतकेच, बेचाळीस; दाटीमुळें कीट सांचतें आणि तरुणपणींच हिरड्या बिघडतात. दांत घासावे, मात्र माणसाच्या दंतमंजनानें नव्हे.

लहान मुलांच्या घरीं दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्या. एक, मुलांनीं उभ्यानें त्याला कडेवर घेऊं नये. हातांतून निसटून पुढचा पाय मोडण्याचे प्रकार या लहान कुत्र्यांत नेहमींचे आहेत. जमिनीवर बसावें आणि मांडीवर घ्यावें. दुसरी, झोपलेल्याला किंवा जेवणाऱ्याला डिवचूं नये. लहान कुत्र्याचा दांतहि दांतच. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यांत टोंचून घ्यावी, पुढें वेळच्या वेळीं पुन्हां द्यावी, आणि कोणत्याहि कुत्र्याचा दांत लागला तर जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. पाश्चरनें १८८५ सालीं लस दिली तेव्हांपासून या रोगाला अटकाव आहे. लक्षणें दिसूं लागल्यावर मात्र आजहि बहुधा इलाज चालत नाहीं. येथें हळदचुन्याचा प्रयोग नको.

आतां सासूबाईंविषयीं. भगिनीनें त्यांचा विरोध हा अडथळा समजूं नये. उंबऱ्याची शिस्त कुत्र्याला लागते, आणि ती मारानें नव्हे, घरच्या सर्वांनीं एकच शब्द एकाच आवाजांत वापरला म्हणजे लागते. मोती पांच-सहा आठवड्यांत शिकला. आमच्याकडे वेळ गेला तो माणसांना शिकवण्यांत, कारण नातू त्याला आंत बोलावी आणि पुतण्या बाहेर हांकली.

२०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी वाड्यांत शिरलें तेव्हांची एक गोष्ट सांगायची राहिली. रात्रीं जिन्यावर पाणी चढूं लागलें. पहांटे नाव आली. एकेक पिशवी घेण्यास सांगितलें होतें. कोणी कागदपत्रें घेतलीं, कोणी दागिने, मीं पोथ्या. मोती टोपलींत नातीच्या मांडीवर. पलीकडे नातलगांच्या घरीं पोंचल्यावर सर्वांच्या लक्षांत आलें कीं त्याचें अन्न कोणीच घेतलें नाहीं. वहिनींनीं आपली पिशवी उघडली. वर देवांचा संपुष्ट होता, खालीं एक नेसूचें लुगडें, आणि तळाशीं फडक्यांत बांधलेला डबा व पेला. त्या नऊ दिवसांत जागा अपुरी, पाणी मोजकें. सोवळें कोठून असणार? एके रात्रीं पाहिलें तों वहिनी भिंतीला टेकून झोपल्या होत्या आणि मोतीनें त्यांच्या पावलांवर हनुवटी ठेविली होती. सकाळीं मीं विचारलें नाहीं, त्यांनींहि सांगितलें नाहीं. वाड्यांत परतल्यावर उंबऱ्याचा नियम पूर्ववत् सुरू झाला.

मोती आतां दहा वर्षांचा आहे. डोळ्यांत किंचित् निळसरपणा आला आहे, आणि हृदयाच्या झडपेंत थोडा दोष सांपडल्यामुळें सकाळची एक गोळी असते. म्हाताऱ्या लहान कुत्र्यांत तो दोष पुष्कळांना होतो. गोळी देण्याचें काम अर्थात् वहिनींचें. त्यांचें वय त्र्याऐंशी. गुडघे कुरकुरतात, तरी बरोबर सात वाजतां त्या ओसरीवर येतात, आणि पेला डब्यांत बुडण्याचा आवाज झाला कीं तो कोठेंहि असला तरी येऊन उंबऱ्याच्या अलीकडे बसतो.

चिपळूणच्या भगिनीनें कुत्रें आणावें कीं न आणावें, हें मी येथून सांगणार नाहीं. यजमानांना मात्र हें पत्र वाचून दाखवावें, आणि अकरा माणसांनीं एकत्र बसून एका प्रश्नाचें उत्तर पिलूं पाहायला जाण्यापूर्वीं ठरवावें : पेला कोणाच्या हातीं राहणार? नांव ठरल्यावर मला अवश्य कळवावें. तें सासूबाईंचें असेल तर उलट टपालीं वहिनींचा पेला केवढा आहे तें मोजून लिहून पाठवीन.